कान्हेरीच्या डोंगरातला मामा

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत अंधेरीच्या आमच्या चाळीत आमचं कुटुंब हौशी म्हणून प्रसिद्ध होतं. पाऊस संपला की आम्ही सारखे बोरिवलीच्या जंगलात जायचो. "हौस बाई तुमची!" असं शेजारच्या बायका म्हणायच्या आणि आई हसून पिशवी भरायला घ्यायची. हौस कसली डोंबलाची! आई तिच्या भावाला शोधायला जात होती.

मामा तिच्या पाठचा, एकुलता एक. इंटरला असताना एके सकाळी चपला दारातच ठेवून अनवाणी निघून गेला तो गेलाच. पुढे कधीतरी ओळखीच्या एका गृहस्थांनी येऊन सांगितलं, की कान्हेरीच्या डोंगरात भगव्या कफनीतला एक बैरागी दिसला, हुबेहूब तुमच्या भावासारखा. झालं! तेव्हापासून आईच्या पायाला भिंगरी लागली. त्याला घरी आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मला मात्र बिबट्या बघायचा होता, आणि आईच्या घाईपायी तो कधीच दिसणार नाही अशी माझी खात्री होती. वाटेत नदी लागायची. तिथं चितळं पाण्यावर यायची, मान वर करून आमच्याकडे बघायची. आम्ही जरा कुठं दगडावर बसलो की आई म्हणायची, "उठा, चला."

"अगं, जरा टेकू तर दे," वडील म्हणायचे.

"टेकायला घर आहे."

मी चितळं पाहिली ती सगळी अशी चालता चालता, मान वळवून. वडील फोर्टातल्या कचेरीत होते. जंगलातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण सांगायचे अगदी ठासून. लांब शेपटीचा पक्षी दिसला की तो कोतवाल, आखूड शेपटीचा दिसला की कोतवालाचं पिल्लू. मी आणि धाकटा भाऊ एकमेकांना कोपरानं ढोसून हसायचो. आई हसायची नाही. तिचं लक्ष समोरून येणाऱ्या माणसांच्या तोंडांकडे असायचं. कुणी लाकडं घेऊन उतरत असलं तरी ती थांबून निरखून बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पिशवीत एक डबा वेगळा असायचा, सांज्याच्या पोळ्यांचा. त्या मामाला आवडायच्या. त्या डब्याला आम्ही हात लावायचा नाही. दिवसभर हिंडून मामा भेटला नाही की परतताना आई त्या पोळ्या गुंफांपाशी माकडांना घालायची. आम्हाला पोळीभाजी आणि माकडांना सांज्याच्या पोळ्या! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका वर्षी दिवाळीच्या थोडं आधी गेलो. गवत माझ्या डोक्याएवढं वाढलं होतं. गुंफांच्या मागची पायवाट आईनं धरली आणि आम्ही तिच्या मागे. मध्येच कुठून तरी भुंकल्यासारखा आवाज आला.

"कुणाचं तरी कुत्रं आहे," वडील म्हणाले. ते भेकर होतं, बिबट्याची चाहूल लागली की भुंकणारं हरीण, हे मला पुढे मोठेपणी कळलं. मग झाडांवरची वानरं ओरडायला लागली आणि वडिलांनी एकदम आम्हा दोघांचे दंड धरले.

समोरच्या कातळावरून बिबट्या आडवा चालला होता. सावकाश, जसा काही स्वतःच्या अंगणातून. पोटाखालची पांढरी लव मला दिसत होती. आणि आईनं किंकाळी फोडल्यासारखी हाक मारली. मामाला घरात ज्या नावानं हाक मारायचे, त्या नावानं.

बिबट्या गवतात दिसेनासा झाला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण आईनं त्याला पाहिलंच नव्हतं. कातळाच्या पलीकडे कफनीतला एक माणूस उभा होता आणि ती त्याच्याकडे धावत सुटली होती, बिबट्या गेला तिथूनच.

दाढी छातीपर्यंत आली होती, पण नाक अगदी आईचं. तो मामाच होता. आईनं त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"किती वाळलास रे! चल घरी. कुणी काही बोलणार नाही तुला. अण्णा गेले रे, तुझी वाट बघून बघून गेले. चल ना!"

आपले वडील गेल्याचं ऐकून त्यानं क्षणभर डोळे मिटले. मग हळूच हात सोडवून घेतला. पोरं कुणाची, कशी आहेस, काही विचारलं नाही.

"माई," तो म्हणाला, "मुलांना घेऊन खाली जा. इथं वाघरू फिरतं."

"माई? अरे, मी ताई तुझी!"

"सुखी राहा, माई."

तो वळून चढायला लागला. वडील त्याच्या मागे निघाले, तेव्हा आई म्हणाली, "राहू द्या हो."

उतरताना नदीपाशी ती आपण होऊन बसली. तो डबा आमच्यापुढे ठेवून "खा" म्हणाली. मी खाल्ल्या. भूक होती आणि मामाचा भयंकर रागही आला होता. गेलास तर गेलास, पण माझ्या आईला ताई म्हणायला तुझं काय जात होतं?

मग भाऊबीज आली. धाकट्याला ओवाळून मी मोकळी झाले होते. दुजेची कोर लवकर मावळते, म्हणून आई घाईघाईनं निरांजन लावून ताट घेऊन गॅलरीत आली. पश्चिमेला, वर्सोव्याच्या बाजूला, कोर जेमतेम दिसत होती. ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. आईनं ते कधी केलं नव्हतं.

वडील मागोमाग आले. "अगं, हे काय? भाऊ जिवंत आहे ना तुझा!"

"आहे," आई म्हणाली. "पण मी त्याची बहीण नाही राहिले."

आणि तिनं ताट उचललं.