काकांचे कान

आमचे काका बेडूक आणि सरड्यांचे शास्त्रज्ञ. सगळी नोकरी उष्ण, दमट जंगलांत गेली. नखाएवढा बेडूक पानाखाली बसला की दिसत नाही, आवाजावरूनच ओळखावा लागतो. काकांचे कान त्यासाठी भलतेच तिखट. संस्थेने दिलेला रेकॉर्डर त्यांनी कधी कपाटाबाहेर काढला नाही.

"शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत, बेडूक मात्र खानदानासकट पाठ," काकू म्हणायची.

या वर्षी त्यांच्याकडे एका ओढ्याची पाहणी आली. तिथला बेडूक संपला असं त्यांनी लिहून दिलं, की शेजारच्या खाणीला काठ मोकळा होणार होता. काका दोन संध्याकाळी जाऊन आले. ओढा गप्प. घरी येऊन धड जेवलेही नाहीत.

शेवटच्या फेरीला काकू सोबत गेली. काठावर पोचताच तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, काय किरकिर लावलीय! कानात टाचणी टोचल्यासारखं होतंय."

"कुणी लावलीय?"

"तुमच्या लाडक्यांनी, आणखी कुणी?"

काकांना फक्त पाणी ऐकू येत होतं. "थट्टा नको हं."

काकूने एका पानाकडे बोट दाखवलं. काका वाकले. पानाखाली तो बसला होता. त्याचा गळा फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता. आवाज मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी काका संस्थेच्या साहेबांपुढे उभे राहिले. "ओढ्यात बेडूक आहे. बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. माझे कान गेलेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग गेल्या वर्षी तुम्ही रिकामा ठरवलेला ओढा?"

तिथे आता रस्ता झालाय आणि ओढा सिमेंटच्या पाइपातून वाहतोय.

सुट्टीच्या दिवशी दोघं तिथे गेली. पाइपाच्या तोंडाशी थोडी झुडपं उरली होती. काका झुडपांकडे बघतच नव्हते. ते काकूच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"येतंय काही ऐकू?"

"नाही हो."

"जरा पुढे हो ना."

काकू पुढे सरकली. तिची चप्पल चिखलात रुतली. ती तशीच उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "चला आता. काही नाहीये इथे."

"थांब गं," काका म्हणाले. "अजून थोडं ऐक."