चाचांचा नंबर

गाडी चालवायला मला चाचांनी शिकवलं. ते जुने ट्रकड्रायव्हर, अष्टमी गावचे; रोह्याच्या पुलापलीकडे त्यांचं घर. मी रोह्याच्या आतल्या एका गावातला. आमच्या घरात भात आणि वाल यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं. ट्रकवर जायचं म्हटल्यावर वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. चाचांनी मात्र शेजारी बसवून घेतलं, आणि दोन वर्षांत मला घाटातसुद्धा स्टिअरिंग देऊ लागले. पुढे मी जुनी दहाचाकी घेतली तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून 'ही घे' म्हणणारे तेच होते.

स्वतःची गाडी म्हणजे स्वतःच मालक, असं लोकांना वाटतं. खरं तर निम्मं आयुष्य रांगेत उभं राहण्यात जातं. डोलवीच्या कारखान्यातला माल भरायचा तर रामवाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नंबर लावायचा. नंबर कधी एका दिवसात येई, कधी चार दिवसांत. तोवर गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवायचा, ताडपत्रीची भोकं शिवायची, टायर ठोकून पाहायचे. कपडे गाडीच्या आरशाला बांधलेल्या दोरीवर वाळायचे. चाचा आणि मी बहुतेक वेळा मागेपुढेच असायचो. भात माझा, कालवण त्यांचं.

त्यांना कमी दिसतंय हे मला आधी कळलं ते चिठ्ठीवरून. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतल्या मुनशीनं दिलेली मालाची चिठ्ठी ते माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "वाच जरा, चष्मा घरी राहिला." चष्मा रोजच घरी राहू लागला. मी वाचून दाखवायचो. त्यावर कधी काही विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी धाटावच्या कारखान्यातून आम्ही दोघं माल भरून निघालो. ते पुढे, मी मागे. दिवस मावळायला आला होता, पण रस्ता स्वच्छ दिसत होता. नागोठण्याच्या अलीकडे एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेनं चालली होती. चाचांची गाडी सरळ तिच्या अंगावर गेली. ना ब्रेक, ना हॉर्न. शेवटच्या क्षणी बाईनं भारा टाकला आणि खड्ड्यात उडी मारली. मी थांबलो, खाली उतरलो. ती खड्ड्यातच बसून होती. लागलं नव्हतं. मी तिचा भारा गोळा करून दिला. ती मला शिव्या देत होती, तिला वाटलं गाडी माझीच होती. मी ते खोडून काढलं नाही.

पुढे वडखळला चहाला थांबलो तेव्हा चाचांनी मला उशीर का झाला ते विचारलं. टायर पाहत होतो, असं मी सांगितलं. वाटेत बाई होती हे त्यांना माहीतच नव्हतं.

त्यानंतर दोन महिने मी गप्प राहिलो. आपल्या गुरूला 'तुम्हाला दिसत नाही' कसं सांगायचं, अशी मनाची समजूत घालत होतो. रस्त्यावर ते पुढे असले की माझे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. संध्याकाळी ते सुखरूप पोचले की सगळं विसरून मी त्यांच्याबरोबर जेवायला बसायचो.

फाल्गुनात मला मुलगी झाली. बारसं ठरलं त्याच्या दोन दिवस आधी मी रामवाडीला रांगेत होतो. माल निघत नव्हता, गाड्या खोळंबल्या होत्या. सकाळी मुनशीनं सांगितलं की चाकणचं एकच भाडं आहे. पहिला नंबर चाचांचा, दुसरा माझा. ते भाडं मिळालं तर खाली करून मी बारशाला घरी पोचणार होतो. नाहीतर नंबर सोडून रिकाम्या हातानं जायचं, आणि परत आलं की रांगेच्या शेवटी.

चाचांना मी नुसतं म्हणालो असतो की मला जाऊ द्या, तर त्यांनी दिलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मागायची लाज वाटली. चाचा नळावर तोंड धुवायला गेले होते. मी मुनशीच्या टेबलाशी गेलो आणि हळूच सांगितलं की म्हाताऱ्याला हल्ली दिसत नाही, घाटातून पाठवू नका.

मुनशी माणूस वाईट नव्हता. त्यानं मला दोनदा विचारलं, खरं सांगतोस ना. मी हो म्हटलं. चाचा आल्यावर त्यानं एक चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली आणि वाचायला सांगितली. आजूबाजूला दहाबारा ड्रायव्हर होते. चाचांनी चिठ्ठी जवळ नेली, लांब धरली, उजेडाकडे वळवली. मग सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय माल देता येणार नाही, असं मुनशीनं सांगितलं, तेही हळू आवाजात. चाचांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुन्हा एकदा तोंड पुसलं.

"तुझा नंबर आला," ते मला म्हणाले. "जा, भर."

मी भरलं. बारशाला वेळेवर पोचलो. चाचा आणि चाचीही आले, चांदीचे वाळे घेऊन. मुलीच्या पायात ते घालताना चाचांना कडी सापडेना, तेव्हा चाचीनं त्यांच्या हातातून ते घेतले. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेलो आणि पाहुणे जाईपर्यंत तिथेच काहीतरी करत राहिलो.

दाखला आणायला चाचा गेले नाहीत. डॉक्टर आंधळा ठरवील या भीतीनं ते घरीच बसले. ही बातमी धाटावलाही पोचली, तिथलंही भाडं बंद झालं, आणि पाऊस लागायच्या आत त्यांनी गाडी विकून टाकली. गिऱ्हाईक मीच दाखवलं. तेही उपकार केल्यासारखं.

श्रावणात त्यांचा मुलगा कुवेतहून सुटीवर आला आणि त्यांना पनवेलला घेऊन गेला. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत; ऑपरेशन झालं. दिवाळीपर्यंत चाचांना लख्ख दिसू लागलं. मी भेटायला गेलो तर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले. एवढीशी गोष्ट होती, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "मुनशीला कोण बोलला ते ठाव नाय. जो बोलला त्याची चूक नव्हती. पण आधी एकदा मला सांगायला हवं होतं. डोळे तवाच दाखवले असते, गाडी तरी राहिली असती."

मी सांगितलं. आपण होऊन, सगळं. मुनशीचं, चाकणच्या भाड्याचं, बारशाचं. आणि नागोठण्याच्या बाईचंही.

बाईचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. लागलं का तिला, कोण होती, कुठल्या गावची, असं त्यांनी विचारलं. मला काहीच माहीत नव्हतं.

"तवा का नाय बोललास?" त्यांनी विचारलं. "ती मेली असती."

त्यांनी बाजूच्या वर्तमानपत्राची घडी घातली.

"माझ्या हातून मेली असती, बाला. आणि तू मागून बघत होतास."

ते ओरडले नाहीत. चाचीनं आणलेला चहा आम्ही प्यायलो आणि मी निघालो. नंबर चोरल्याचं ओझं घेऊन मी गेलो होतो. त्यांना त्याचं काही वाटलंच नव्हतं. दोन महिन्यांचं माझं गप्प बसणं मात्र ते पचवू शकले नाहीत. आणि खरं तर त्यासाठी मी माफी मागितलीच नव्हती. ती मागायची गोष्ट आहे हे मला तिथे, त्या ओट्यावर कळलं.

पुढे एकदा नागोठण्याला येष्टीची वाट पाहत चाचा आणि चाची उन्हात उभे दिसले. मी गाडी थांबवून दार उघडलं. चाचांनी हात देऊन चाचीला वर चढवलं, तिची पिशवी दिली.

"हिला ने, हिचे गुडघे दुखतात. मी येष्टीनं येतो."

चाची वाटभर नातवंडांबद्दल बोलत होती. ते का बसले नाहीत याबद्दल तिनं काही म्हटलं नाही. तिला अष्टमीला सोडून मी गाडी बाजूला घेतली आणि थांबलो. तासाभरानं येष्टी आली. चाचा उतरले. त्यांनी मला लांबूनच ओळखलं, हात वर केला, आणि घराच्या वाटेला लागले.