खोक पुसलेला फोटो

मावशी गेल्यावर लाखनीजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयानं तिचा फोटो लावायचं ठरवलं. तिनं चार पुस्तकं लिहिली होती आणि गावोगाव फिरून दारूची दुकानं बंद पाडायला बायांना उभं केलं होतं. फोटो मीच दिला, माझ्या मोबाईलवर काढलेला. त्यात ती घरापुढच्या छपरीत बसून लिहीत होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, कपाळावर जुनी खोक. दारूबंदीच्या सभेत कोणीतरी दगड मारला होता, तेव्हाची. फोटो काढताना मी केस जरा पुढे घे म्हटलं, तर ती खेकसली होती, "काहून? दगड मारणाऱ्याले लाज नाही, मंग मले काहून वाटावी?"

कार्यक्रमात पडदा सरकला आणि मला कळेचना, ही बाई कोण! गोरीपान, डोक्यावर पदर, चष्मा गायब. खोक होती तिथे ठसठशीत लाल टिकली. मावशीनं लग्नातही कुंकू लावलं नव्हतं. त्यावर तिचा अख्खा लेख आहे.

"थोडा साफ करून घेतला, ताई," शेजारी उभे असलेले वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले. "शोभून दिसते ना?"

"कोणाले?"

"लोकायले बरं वाटलं पायजे. ते खोकबिक कायले?"

"तिची पुस्तकं वाचली तुम्ही?"

ते हसले. "वाचाची आहेत."

माझं डोकं फिरलं. मी हारासकट फोटो उतरवला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि माईक घेतला. लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहिलं. दगड मारणारा याच गावचा होता, हे आजवर कोणी उघड बोललं नव्हतं. मी बोलले. पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले. मागच्या बाया हलल्या नाहीत.

आठवड्यानं पाहिलं, तर तोच गोरा फोटो पुन्हा भिंतीवर! अंगाचा तिळपापड झाला. फोटो बदलावा म्हणून मी दोन अर्ज दिले. उत्तर नाही. तिसऱ्यावर सह्या घ्यायला स्वतःच घरोघर निघाले. पहिल्याच घरी एक म्हातारी धान पाखडत होती. तिनं अर्ज वाचायला लावला, अध्यक्षांच्या 'खोकबिक कायले'सकट शेवटपर्यंत ऐकला.

"सही येत नाही मले, अंगठा घे," ती म्हणाली. "त्या सभेत मी तिच्या बाजूलेच होती. माह्याच लुगड्यानं रक्त पुसलं तिचं. अन् हे म्हणतात, खोक कायले!"

त्या दिवशी एकोणचाळीस बायांनी सह्या-अंगठे दिले. उद्या अर्ज घेऊन आम्ही सगळ्याच जाणार आहोत.