अवकाश द्या

विठोजी खासदार झाले, पेढे वाटून झाले, हार सुकले, आणि त्यांच्या बायकोला, कौशल्येला, एकच धाकधूक उरली. हा माणूस दिल्लीत तोंड उघडेल का?

तिची धाकधूक जुनी होती. कानडी मुलखात, चामराजपेटेत लग्नपत्रिका छापायचं दुकान सांभाळत विठोजी नगरसेवक झाले, तेव्हा पहिल्याच भाषणात घात झाला. चांगलं कन्नड बोलत होते. महापौरांनी मध्येच अडवलं आणि रागाच्या भरात घरातलं मराठी तोंडातून निसटलं, "अहो, थांबा की स्वल्प." सभागृहात एकाला मराठी कळत होतं. त्याने शेजाऱ्याला सांगितलं, यांच्यात बायको नवऱ्याला 'अहो' अशी हाक मारते. हां हां म्हणता सगळं सभागृह हसायला लागलं. विठोजी खाली बसले ते बसलेच. पुढे कामं भरपूर केली, पण सगळी अधिकाऱ्यांच्या खोलीत, हळू आवाजात. सभागृहात नुसता हात वर.

गंमत अशी, की त्या गप्प बसण्यानेच त्यांना महापौर केलं. पक्षातले दोन गट हमरीतुमरीवर आले आणि दोघांनाही न दुखावणारा हा एकच माणूस सापडला. वर्षभर झगा घालून त्यांनी फिती कापल्या; भाषणं उपमहापौर बाई करायच्या. काही वर्षांनी लोकसभेचं तिकीटही असंच भांडणातून आलं.

"तिथे तुमच्यासाठी कोण बोलणार?" हिवाळी अधिवेशनाला निघताना कौशल्येने बॅग भरत विचारलं.

"मीच. हिंदीत. मंत्र्याला कानात भाषांतराचं यंत्र न लावता कळायला पाहिजे."

"सरी, बरं. मग आधी मला म्हणून दाखवा."

त्यांनी दाखवलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बायकांना वेळेवर बस मिळत नाही, केंद्राने पैसे द्यावेत, एवढंच भाषण. तिला कुठेच काही खटकलं नाही.

त्या दिवशी ती टीव्हीसमोर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलायला बसली. शेजारी सून भार्गवी, नागपूरची, महादेवपुऱ्यातल्या नोकरीचं काम घरून करणारी. पडद्यावर विठोजी उठले, चष्मा सारखा केला.

"अध्यक्ष महोदय, मुझे अवकाश दीजिए."

सभागृह हसलं. मागच्या बाकावरच्या कुणीतरी "जाइए, जाइए" म्हटलं.

"काय झालं गं?"

"आई, हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. बाबांनी आल्या आल्या रजा मागितली."

कौशल्या न बघताच शेंगा सोलत राहिली. कन्नडात अवकाश म्हणजे संधी, आणि त्यांच्या घरातल्या मराठीतही तेच. थोरलीला शिकायला अवकाश मिळाला, धाकट्याला दुकानात अवकाश दिला, असंच ती जन्मभर बोलत आली. तिला खटकणार कसं?

पडद्यावर विठोजींचा हात मागे बाक चाचपायला लागला. तो हात तिच्या ओळखीचा होता. आता हे खाली बसणार, आणि पाच वर्षं उठणार नाहीत.

"बसू नका," ती टीव्हीला म्हणाली. "अहो, थांबा की स्वल्प."

भार्गवी तिच्याकडे बघतच राहिली.

विठोजींनी कान खाजवला. हात बाकावरून निघाला.

"महोदय, छुट्टी नहीं. हमारे यहाँ अवकाश मतलब मौका. छुट्टी तो घरवाली भी नहीं देती."

सभागृह पुन्हा हसलं, पण या वेळी अध्यक्षही हसले आणि म्हणाले, बोला. विठोजी बोलले. वेळ संपल्याची घंटा वाजली, तरी एक वाक्य जास्तच बोलले.

थोड्या वेळाने फोन आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. माझं नाव कशाला काढलंत तिथे?"

"नाव कुठे काढलं? घरवाली म्हटलं." मग हळूच, "हसले गं."

"हसेनात का. बसला नाहीत ना?"

"नाही बसलो. बरं, जेवायला जातो. अवकाश दे."

"या वेळी कुठला, हिंदी की आपला?"

पलीकडे ते मोठ्याने हसले. एवढं मोठ्याने ते घरातसुद्धा हसत नसत. फोन ठेवून तिने खाली पाहिलं. पातेल्यात नुसती टरफलं पडली होती आणि दाणे सगळे कचऱ्याच्या कागदावर. भार्गवी आधीच निवडायला बसली होती.