उलटा एक

ठाण्याच्या सरकारी मराठी शाळेत मी चित्रकला शिकवायला रुजू झालो, तेव्हा हेडमास्तरांनी माझे स्वागत एका प्रश्नाने केले. "चित्रे काढून कुणाचे पोट भरले आहे, मास्तर?" मी म्हणालो, "माझे भरेल, असे सरकारला वाटते." तिथून आमचे जे बिनसले ते बिनसलेच. मी कल्याणचा, मुंबईच्या चित्रशाळेत शिकलेला आणि राग नाकावर घेऊनच जन्मलेला. ते गणिताचे आणि छडीचे भक्त.

त्यांचे खरे दुखणे असे की माझा तास त्यांच्या गणितातून कापून दिला होता. मुलांना मात्र त्या तासाचे वेड लागले. खाडीकाठची आणि मिठागरांवरची मुले एरवी खुशाल दांडी मारत, पण चित्रकलेच्या दिवशी चिखलाच्या पायांनी का होईना, हजर. कोलशेतच्या एका आगऱ्याच्या पोराने मातीचा असा खेकडा केला होता, की शेजारचा पोरगा किंचाळून मागे सरला. त्या दिवशी घरी जाताना मी वाटभर हसत होतो. माझा या मुलांवर जीव जडला होता, हे सरळच सांगून टाकतो.

दसरा तोंडावर आला तेव्हा हेडमास्तरांनी मला बोलावले. "दिवाळीच्या सुटीआधी शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला येणार. त्यांना तुमच्या मुलांचे काम पसंत पडले तर ठीक. नाहीतर हा तास बंद करावा, असे मीच लिहून देणार आहे."

डिपोटी साहेबांचा ठरलेला सवाल सगळ्या शाळांना ठाऊक होता. ते फळ्यावर अर्धी नक्षी काढत आणि उरलेली अर्धी मुलांकडून पुरी करून घेत. आणि नेमके तिथेच आमचे घोडे पेंड खात होते. उजवीकडचा मोर मुले सुरेख काढत. डावीकडच्याने त्याच्याकडे तोंड करायला हवे, तर तोही त्याच दिशेला तोंड करून उभा. समोरासमोर यायचे ते मोर शाळेला निघाल्यासारखे एकामागे एक! मी कागद दुमडून दाखवला, घरचा आरसा आणून दाखवला, शेवटी घसा फुटेस्तोवर ओरडलो. "समजले का?" "हो मास्तर!" आणि पुन्हा मोर एकामागे एक. पालथ्या घड्यावर पाणी.

दसऱ्याला शाळेत पाटीपूजन झाले. एकाच्या आकड्याला एक जोडत पाटीवर सरस्वती काढायची, तिला फूल वाहायचे, ही आपली नेहमीची रीत. त्या सरस्वतीत एका बाजूचे एक सुलटे, तर दुसऱ्या बाजूचे उलटे असतात, तेव्हा कुठे ती नीट उभी राहते. मी पाट्या बघत चाललो आणि थबकलो. एकूण एक पाटीवर सगळे एक सुलटेच. सरस्वती बिचारी कलंडलेली.

खेकडेवाल्या पोराला मी विचारले, "अरे, या बाजूचे एक उलटे का नाही काढलेस?"

त्याने हेडमास्तरांच्या दिशेला बघून घेतले आणि हळूच म्हणाला, "मास्तर, उलटा एक कारला तं छरी खावाला लागतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्या इयत्तेपासून ही मुले उलट्या आकड्यासाठी हातावर छड्या खात आली होती. उलटे काढणे म्हणजे चूक, हे त्यांच्या बोटांनी पाठ केले होते. मग ती बोटे मोर तरी कशी उलटा काढणार? आणि मी शहाणा त्यांनाच ठोंबे म्हणत होतो.

मी तडक हेडमास्तरांपुढे उभा राहिलो. "माझ्या तासाला उलटा एक काढणे हा गुन्हा नाही. तसे मुलांना तुमच्या तोंडून सांगा."

"आणि गणिताचे काय होईल?"

"गणितात एक सुलटाच राहील. तास बंद करायचा तर करा, पण मुलांचे हात बांधून नको."

ते खुर्चीतून उठले. मग वर्गात आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "चित्रकलेच्या तासाला उलट्या एकाला छडी नाही." एवढे बोलून ते निघून गेले. त्या तासाला आम्ही दुसरे काही केलेच नाही. पाट्या भरभरून उलटे एक काढले. पोरे आधी चाचरली, मग खिदळायला लागली आणि मग त्यांना आवरणे मुश्कील झाले. दोन-चार दिवसांत मोर वळले, बगळे वळले, मासे एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले.

डिपोटी साहेब आले. त्यांनी फळ्यावर अर्धी वेलबुट्टी काढली आणि मागे हात बांधून उभे राहिले. कोऱ्या बाजूवर माझ्या मुलांचे खडू असे चालले की माझे डोळे भरून आले. साहेबांना मात्र वाटले, वेल पाठ करून घेतला असावा. खेकडेवाल्याला म्हणाले, "तुझ्या मनाने काहीतरी काढ." त्याने पाटीवर एकाला एक जोडत सरस्वती काढायला सुरुवात केली. सुलटे, मग उलटे.

"हे एक उलटे का रे?" साहेबांनी विचारले. हेडमास्तरांनी जमिनीकडे पाहिले.

"साएब, येक सुलटा तं दुसरा उलटा नको? नायतं देवी कलंडल!"

साहेब मोठ्याने हसले. मग ती पाटी उचलून त्यांनी साऱ्या वर्गाला दाखवली आणि हेडमास्तरांना म्हणाले, "हा तास वाढवता आला तर बघा." मी त्या दिवशी स्टेशनापर्यंत शीळ घालत गेलो. मास्तराने रस्त्यात शीळ घालू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

पुढच्या दसऱ्याला हेडमास्तर स्वतःची पाटी घेऊन माझ्याकडे आले. तिच्यावरचे सगळे एक सुलटे होते.

"माझा हातच वळत नाही हो," ते ओशाळून म्हणाले.

मी म्हणालो, "हात पुढे करा."

सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. त्यांनी खरेच हात पुढे केला. मी त्यांच्या बोटांत लेखण दिली, वर माझा हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून एक उलटा एक काढला.