गळ्यात अडकवलेलं ‘इज’

मतदानाला चेन्नईत अड्यारच्या शाळेत गेलो आणि खडूच्या वासासरशी आमच्या लेकीची, कनूची पहिली आठवली. ती वर्गात बोलतच नसे. आजही बोलली नाही तर पुन्हा पहिलीत, असं बाईंनी बजावलं होतं. त्या दिवशी आम्ही नवराबायको वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो.

बाईंनी इंग्रजी सहायक क्रियापदांचा खेळ मांडला. वर्गातल्या दिव्याच्या गळ्यात ‘सिंगिंग’ची पाटी, कनूच्या गळ्यात ‘इज’ची. आपला शब्द म्हणत दिव्याचा हात धरायचा. कनू जागची हलेना.

“बोल गे, कनू,” बायको पुटपुटली.

“अम्मा, तुम्ही सांगू नका,” बाईंनी तिला अडवलं.

दिव्या तमिळमध्ये ओरडली, “अगं, ये की! तू आल्याशिवाय मी गाणार कशी?”

कनू धावली. “इज!”

ती दुसरीत गेली. तेव्हा मी फक्त कनूच्या ओठांकडे पाहत होतो. आता डोळ्यांपुढे येतो तो दिव्याचा हात. सगळा वेळ तिनं तो पुढेच धरला होता.