दुसऱ्यांदा घेतलेलं माप

आईवडिलांनंतर मी कुणाचा सर्वात जास्त ऋणी असेन, तर आमच्या टेलरकाकांचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या आमच्या गावात त्यांचं दुकान होतं. असा शिंपी तुम्हीही पाहिला असेल, कानावर खडू आणि गळ्यात टेप. पण आमचे काका माप घेऊन झालं की गिऱ्हाइकाला जाऊ देत नसत.

"पुन्हा उभा राह्य बे. एकदा घेतलं तो अंदाज. दुसऱ्यांदा घेतलं ते माप."

शाळा सुटली की मी त्यांच्या मशीनजवळ चिंध्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायचो. ते स्वतः सातवी शिकलेले, पण माझी गणितं तपासायचे. तीसुद्धा दोनदा. बुलढाण्याला कॉलेजात निघालो तेव्हा त्यांनी पँट शिवून दिली. खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. "तू अजून वाढणार हायेस," म्हणाले.

गावचा बाजार रविवारी. बाकीच्या शिंप्यांना त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसे. काका ख्रिस्ती. रविवारी मशीनवर झाकण घालायचे आणि घरात पाचसहा माणसं सतरंजीवर बसून प्रार्थना करायची. दार सताड उघडं.

मी बी.ए. होऊन परत आलो त्या वर्षी गावातल्या काही जणांनी तक्रार केली की हा माणूस लोकांना बाटवतो. पोलीस काकांना घेऊन गेले. जिल्ह्याच्या जेलात त्यांचे महिने जाऊ लागले. बायकांनी अर्धवट शिवलेले ब्लाउज दुकानातून परत नेले.

मग तक्रारवाल्यांनीच निरोप धाडला : घरात प्रार्थना करणार नाही असं लिहून द्या, आम्ही तक्रार मागं घेतो. लिहायला कोण? गावात अक्षर माझं चांगलं. मी हमीपत्र लिहिलं आणि मोठ्या आनंदाने जेलात भेटायला गेलो.

काका जाळीपलीकडे उभे होते. दाढी वाढलेली, गळा टेपशिवाय ओका. त्यांनी कागद एकदा वाचला. मग पुन्हा वाचला.

"अक्षर झकास हाय तुझं."

"मग सही करा काका. नुसता कागद तर आहे."

"उद्या कोणी म्हणलं, बापाले बाप म्हणू नको, मंग देशील लिहून?"

मी तरी पेन जाळीशी धरलं.

"हे माझ्या मापाचं नाही. घेऊन जाय."

बायबल अजून त्यांना आत मिळालं नव्हतं. "पाठ हाय तेवढं पुरते," म्हणाले. माझं तोंड पाहून हसलेही. "इथल्या साहेबानं रविवारी वर्दी दुरुस्त करायले सांगितली. म्हणलं, आज नाही, सोमवारी दोन करतो."

"मग?"

"सोमवारी तीन आणल्या त्यानं."

पुढे काका सुटले. चार वर्षं त्याच दुकानात बसले, रविवारचं दार उघडं ठेवलं, आणि यंदा उन्हाळ्यात गेले. त्या भेटीनंतर मी त्यांना जेलात पाठवलेलं पत्र त्यांच्या बायबलात होतं, ते काकूंनी मला दाखवलं. घडीवर झिजलेलं, जेलचा शिक्का असलेलं.

"काका, नमस्कार.

ते हमीपत्र मी फाडलं. रविवारी काकूंनी दार उघडं ठेवलं होतं. तिघंच आले. मला तुमची गाणी येत नाहीत, म्हणून मी सतरंजी अंथरली आणि उंबऱ्यावर बसून राहिलो. बाजारातले लोक बघत गेले. बघू दे.

काल पोलीस ठाण्यात जबाब दिला. दहा वर्षं मी तुमच्या मशीनजवळ बसलो, तुम्ही मला गणितं विचारली, धर्म कधी विचारला नाही, असा. साहेब म्हणाले, विचार कर, तुला याच गावात राहायचं आहे. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी जबाब वाचून दाखवला. मी दुसऱ्यांदा वाचायला लावला.

बाबा घरी म्हणत होते, आपण काऊन मधात पडाचं? पण ठाण्याबाहेर आलो तर सायकल धरून तेच उभे होते.

तुम्ही सही केली नाही. मी केली, जबाबाखाली. पूर्ण नावानिशी."